निरांजनाखालची नोट

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसायला बरं वाटतं खरं, पण मागे बसणाऱ्याच्या कानी टाळ तेवढे पडतात, शब्द नाही. आजची गोष्ट एका ताटाची आहे. पितळेचं ताट, मधोमध निरांजन, त्याच्याखाली मूठभर तांदूळ. एवढ्याशा ताटाने पालवांच्या घराला दोनदा तारलं. पहिल्यांदा तारलं ते गिरणीच्या संपात, आणि दुसऱ्यांदा काशीरामच्या वर्षश्राद्धाला, भर दुपारी उठलेल्या वादातून. पांडुरंगाची रीतच अशी आहे. समोरच्या दाराला आपण कडी घालून बसावं, तर तो भांडणाच्या दाराने घरात येतो.

भटवाडीत डोंगराच्या अंगावर पालवांची पत्र्याची खोली होती, तिथे आता उंच इमारत उभी आहे, आणि खोलीच्या बदल्यात मिळालेलं घर सातव्या मजल्यावर. त्या दिवशी सकाळचे विधी वेळेत आटोपले. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. पानं उठली, भांडी घासून पालथी पडली. संध्याकाळी खाली विठ्ठलाच्या देवळात काशीरामच्या नावाने कीर्तन होतं. देऊळही इमारतीबरोबर नवं झालेलं, बिल्डरने पार्किंगच्या कडेला बांधून दिलेलं. कीर्तनाला उभी राहणार होती प्रेमाआत्या, काशीरामची धाकटी बहीण, आता या घरात एकटीच राहणारी. ती आतल्या खोलीत आपल्या नऊवारीला इस्त्री करत होती.

बाहेर हॉलमध्ये हर्षद बसला होता, काशीरामचा मुलगा, बोरिवलीला राहणारा. गोरेगावच्या स्टुडिओंना दिवे भाड्याने देणाऱ्या कंपनीत तो मॅनेजर. दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पाडण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे आपल्या चेहऱ्यावरचं लपवता येतं असा त्याचा समज होता. समोर बहीण श्वेता, मुलुंडला शाळेत शिक्षिका. ती पदराने घाम पुसत होती, पण डोळे दादावरून हलत नव्हते. आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेले भीमराजकाका. काशीराम आणि ते गिरणीत एकाच खात्यात होते. काका मूर्तीपुढे हात जोडत नाहीत, जयभीमवाले पक्के, पण प्रेमाआत्याचं कीर्तन असलं की वाकोल्याहून येऊन पहिल्या रांगेत बसतात. कोणी विचारलं तर म्हणतात, मी देवाला येत नाही, सुराला येतो.

हे तिघे म्हणजे काशीरामच्या ट्रस्टचे तीन विश्वस्त. जाण्याआधी काशीरामने सगळं त्या ट्रस्टमध्ये घातलं होतं आणि अट साध्या शब्दांत लिहून ठेवली होती. प्रेमा असेपर्यंत उत्पन्न प्रेमाचं. तिच्यानंतर मुद्दल नातवंडांचं, हर्षदची अपूर्वा आणि श्वेताचा ओजस, दोघांना सारखं. बँकेतल्या ठेवीचं व्याज येई ते सरळ आत्याच्या खात्यात जाई, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. घोळ होता पेन्शनच्या हप्त्याचा. गिरणी बुडाल्यावर काशीरामने रंगाच्या कारखान्यात नोकरी केली, आणि निवृत्त होताना हाती आलेली सगळी रक्कम एका विमा कंपनीच्या योजनेत भरली. कंपनीने ठरावीक वर्षं दर वर्षी हप्ता द्यायचा. काशीराम असला तर त्याला, नसला तर ट्रस्टला. ती वर्षं संपली की व्यवहार संपला.

मागच्या साली ट्रस्टकडे पहिला हप्ता आला तेव्हा हर्षद शूटिंगच्या गडबडीत होता. पेन्शन म्हणजे उत्पन्नच की, असं म्हणून त्याने चेक आख्खाच्या आख्खा आत्याच्या नावे फाडला. श्वेता आणि काकांनी न बघता सह्या केल्या. आत्याने त्या पैशातून दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. पट्टी निघाली त्या दिवशी तिने हर्षदचं तोंड दोन्ही हातांत धरून न्याहाळलं होतं आणि म्हणाली होती, किती पिकलंस रे. त्या वाक्याचं हर्षदला अजून हसू यायचं.

आता दुसरा हप्ता आला होता.

श्वेताने आवाज खाली घेऊन सांगायला सुरुवात केली. तिच्या शाळेचं हिशेबाचं काम बघणाऱ्या दीप्ती मॅडमना तिने कागद दाखवले होते, आणि मॅडम म्हणाल्या की मागच्या साली चुकलंच. हप्ता सगळाच्या सगळा उत्पन्न नाही. काकांनी कपाळावर आठ्या घातल्या आणि मॅडमची भाषा मॅडमपाशी ठेव, आपल्या भाषेत सांग, म्हणाले.

"आपल्या भाषेत सांगते," श्वेता म्हणाली. "गावच्या परसातला माड घ्या. नारळ पडले ते आत्याचे, माड मुलांचा. बँकेतली ठेव म्हणजे तो माड. पण पेन्शन म्हणजे गुळाची ढेप. कंपनी दर वर्षी एक खडा फोडून देते. त्या खड्यात थोडा गूळ कंपनीने आपल्या पदरचा घातलाय, तेच व्याज. बाकीचा बाबांचाच. आपण आख्खा खडा आत्याला देत राहिलो, तर वर्षं संपतील तेव्हा मुलांच्या हाती नुसतं गोणपाट."

"म्हणजे मी चोरी केली, असंच ना?" हर्षद म्हणाला.

"चूक केलीस. मी पण केली. सही माझीही आहे."

"मग आता काय, आतमध्ये जाऊन सांगू तिला? की तुझ्या डोळ्यांत पोरांचं मुद्दल घातलंय?"

आत इस्त्रीचा आवाज चालू होता, फस्स करून पाणी शिंपडल्याचा. श्वेताने शांतपणे सांगितलं, की आत्याकडून एक पैसाही परत मागायचा नाही, मॅडमनीही तेच सांगितलं. विश्वस्त चुकले तर विश्वस्तांनी भरायचं. काकांनी लगेच मान हलवली.

"माझाही वाटा धर. सही करायच्या दिवशी चष्मा वाकोल्याला राहिला होता. अक्कलही त्याच्याच शेजारी राहिली."

हर्षदला ते मान्य होतं. त्याला मान्य नव्हतं ते पुढचं. आत्याच्या हाती यापुढे ठेवीचं व्याज आणि हप्त्यातला तो लहानसा तुकडा एवढंच यायचं, तर इमारतीचा मेंटेनन्स, गॅस, औषधं, पेटीवाल्याची बिदागी हे सगळं ती कुठून भागवणार? तो बोलत गेला आणि बोलता बोलता त्याचा आवाज मऊ झाला. आई गेली तेव्हा श्वेता रांगत होती. नवरा वारल्यावर माहेरी आलेली आत्या या घरात आली ती परत गेलीच नाही. मग संप झाला, गिरणीचा भोंगा बंद पडला. त्या दिवसांत ती घाटकोपर, कुर्ला, मुलुंड, जिथे बोलावतील तिथे कीर्तनाला उभी राहायची, आणि आरतीच्या ताटात पडलेली नाणी पदरात बांधून आणायची. हर्षदच्या शाळेची फी त्याच नाण्यांतून गेली. नाण्यांना बुक्का चिकटलेला असायचा, आणि फी घेणारा कारकून प्रत्येक वेळी रुमालाला बोटं पुसायचा. अशा बाईला आता तोलून मापून द्यायचं?

"सोड ना श्वेता, यार. लिहून टाकू आपण, सगळा हप्ता उत्पन्न. कोण विचारायला येणार आहे आपल्याला?"

काकांनी नुसतं बोट केलं. सोफ्यावर ओजस झोपला होता, बारा वर्षांचा, वडे जास्त झाल्यामुळे तोंड उघडं टाकून.

"तो येईल विचारायला," काका म्हणाले. "आज नाही, मिशी फुटल्यावर. त्याच्या खिशातून तू दानशूर होतोयस, आणि तो झोपेत आहे म्हणून त्याला पत्ता नाही. तुझ्या खिशातलं दे ना, कोणी अडवलंय? माझ्या काशाने तीन माणसांच्या सह्या कशाला लावल्या असतील? एकट्याचं मन भरून आलं तर दुसऱ्या दोघांनी त्याची बाही धरावी म्हणूनच ना."

हे बोलणं हर्षदला लागलं, कारण ते खरं होतं. त्याने काही म्हणायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून अपूर्वा पुढे आली. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती, ओल्या हातांनी ताटं पुसत सगळं ऐकत होती. ओजस लहान आहे, त्याचं राहू द्या, ती म्हणाली. मी सज्ञान आहे. हप्त्यातला माझा अर्धा वाटा आत्याआजीला द्या, मी सही करते.

"आणि तुझी फी काय मी दिवे विकून भरू?" हर्षदच्या तोंडून निघून गेलं.

श्वेता हसायला लागली, आणि तिच्या मागोमाग काकाही. हर्षद कानापर्यंत लाल झाला. घटकेपूर्वी तो सगळ्यांचं मुद्दल उधळायला निघाला होता, आणि स्वतःच्या लेकीने आपला वाटा पुढे करताच त्याची मूठ आपोआप मिटली होती.

"ये दादा, ये, बस माझ्या बाजूला," श्वेता म्हणाली. मग तिने अपूर्वाला जवळ ओढलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. अपूर्वाला देता येतं, तिचं ती देऊ शकते, ती म्हणाली. मी आई असूनही ओजसचं देऊ शकत नाही. मला काय वाटत नसेल? दहावीपर्यंत माझ्या वेण्या आत्याने घातल्या. ती वेणी घालताना अभंग म्हणायची, आणि चाल द्रुत झाली की केस ओढले जायचे. अजून कुठे ती चाल कानावर आली तर माझं डोकं आपोआप मागे जातं.

असं सगळं उलटंपालटं झालं होतं. हर्षद मुद्दल राखायच्या बाजूला, श्वेता द्यायच्या, आणि काका मध्ये, दोघांकडे आळीपाळीने बघत. तेवढ्यात दारात प्रेमाआत्या उभी राहिली. खांद्यावर इस्त्रीची नऊवारी, कपाळ घामाने चमकणारं. रागावली किंवा हळवी झाली की आत्याची मालवणी बाहेर यायची, एरवी ती भटवाडीतल्या कोणाहीसारखी बोले.

"इस्त्री थंड झाली, तुमचो आवाज काय थंड होऊक नाय," ती म्हणाली आणि जमिनीवर बसली. "सांग रे हर्षद. माका सगळा नीट सांग."

हर्षद तिच्यासमोर खाली बसला. ढेपेची गोष्ट त्याने पुन्हा सांगितली, श्वेताइतकी चांगली नाही. बाजूला काढलेली रक्कम बँकेत ठेव म्हणून राहील आणि तिचं व्याज पुन्हा तुझंच, म्हणजे वर्षागणिक तुझं थोडं थोडं वाढत जाईल, कंपनीचे हप्ते थांबले तरी तुझं थांबणार नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती, कीर्तनात सूर ऐकते तशी, मान किंचित कलती करून.

"म्हणजे गेल्या साली मी खाल्लंय ता पोरांचा होता?"

"थोडं. चूक आमची होती, आत्या. आम्ही भरतोय. तू त्यात नाहीस."

ती खाली बघत साडीची घडी चाचपत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"अरे, माझ्या दादान ताटाच्या मधी निरांजन कित्याक ठेवल्यान होता?"

आता हे निरांजनाचं तुम्हाला सांगायला हवं. भटवाडीच्या जुन्या देवळात एकदा कीर्तनानंतर ताटावरून तंटा झाला होता. ताटातलं बुवांचं ही रीत सगळीकडची, पण मंडळाचे लोक म्हणाले की लोकांनी कळसासाठीही टाकलंय, बुवा म्हणाले माझ्या गळ्यासाठी टाकलंय. ताट तेव्हा काशीराम फिरवायचा. त्याने कोणाची बाजू घेतली नाही. पुढच्या कीर्तनाला त्याने ताटाच्या कडेचं निरांजन उचलून मधोमध ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, देवळासाठी द्यायचं असेल त्याने दिव्याखाली सरकवावं, बुवांसाठी असेल त्याने भोवती ठेवावं. ज्याने दिलं त्यानेच ठरवायचं, नंतर कोणी वाटणी करायची नाही. आणि भोवतीचं जे असेल ते बुवांनी नाकारायचं नाही, कोणी किती ठेवलं ते विचारायचं नाही. त्या दिवसापासून भटवाडीत तंटा झाला नाही. बाहेरगावचा बुवा आला तर त्याला आधी निरांजन समजावून सांगावं लागे.

"दादा दिवो ठेवून गेलो, आणि तुम्ही काळोखात चाचपडताहास," आत्या म्हणाली. "दिव्याखालचा पोरांचा. भोवतालचा माझा. ठरला. त्यात रडूचा काय असा?"

हर्षदच्या छातीवरचा धोंडा उतरला. किती सोपं होतं, आणि आपण किती घाबरलो. त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती त्याच हातावर थोपटत पुढचं बोलली, आवाज जराही न बदलता.

"आता माका गावचा तिकीट काढून दी. पुढच्या म्हयन्यातला."

घर बंद ठेवू, ती म्हणाली, भाड्याने द्या हवं तर, भाडं ट्रस्टला येईल. गावात मेंटेनन्स नाही, लाकडाची चूल आहे, तेवढ्यात तिचं सुखाने भागेल. हर्षद एकदम बोलू लागला. मी दर महिन्याला पाठवतो, बायकोशी, चेतनाशी, माझं बोलणं झालंय, तीच म्हणाली आधी. आत्याने त्याला बोलू दिलं.

"चेतना गुणाची असा. ती नाय म्हणाची नाय. पण दर म्हयन्याक मी तुझ्या फोनाची वाट बघू? एखाद्या म्हयन्यात तुका जमाचा नाय, तू लाजतलंस, मी लाजतलंय. घेणाऱ्याचो हात खाली असता रे, हर्षद. ह्या हातान मी झांज धरलंय. तो पसरूक माका शिकव नको."

ती उठली आणि साडी घेऊन आत गेली. काकांनी खिडकीबाहेर बघत नाक शिंकरलं. न्याय झाला होता, आणि न्यायाने घरातलं माणूस उठून चाललं होतं.

पाच वाजता देवळात टाळ वाजले. पार्किंगमधल्या गाड्या बाजूला घेऊन सतरंज्या टाकल्या होत्या, आणि कोणाची तरी स्कूटर राहून गेली होती तिच्यावर एका आजोबांनी आपली शाल ठेवली होती. आत्या उभी राहिली. इस्त्रीची नऊवारी, गळ्यात तुळशीचा हार, हातात झांजा. पहिला सूर लागला आणि तिचं वय तिच्या अंगावरून गळून पडलं. हर्षदने दिवे लावण्याचा धंदा करून आयुष्यात पुष्कळ चेहरे उजळलेले पाहिले होते, असा आतून उजळणारा एकच.

पूर्वरंगात तिने कृतज्ञतेचं निरूपण केलं. आपण श्वास घेतो तो कोणाचा, सोडतो तो कोणाला, असं विचारत विचारत ती श्रोत्यांना हसवत गेली. मध्यंतरात बुक्का लावला गेला. मग उत्तररंगात तिने कोकणातल्या एका खळ्याची गोष्ट लावली. भात झोडून झालंय, रास पडलीय. मुलगा म्हणतो पोटभर खाऊ, सून म्हणते बियाण्याला ठेवू, दोघांचं कडाक्याचं भांडण. म्हातारी सासू काय करते? ती राशीपाशी बसते. एक हात बियाण्याच्या कणगीवर, घट्ट. आणि दुसऱ्या हाताने वाढत सुटते, आल्यागेल्याला, पोरांना, शेजाऱ्याला. मुलगा विचारतो, आये, तू नक्की कोणाच्या बाजूची? म्हातारी म्हणते, बाबा, हात दोन दिलेत देवाने, ते काय एकमेकांशी भांडायला?

टाळांचा गजर झाला. काकांनी पहिल्या रांगेत मांडीवर थाप दिली.

हर्षद मात्र गजरात नव्हता. दुपारपासून तो एका हाताकडेच बघत होता, कणगीवरच्या. दिव्याखालचं काय, दिव्याखालचं किती, ते कसं राखायचं. आणि दुसरा हात? बाबांनी निरांजन मधोमध ठेवलं ते खालची जागा करायला, तसंच भोवतालची जागा मोकळी करायलाही. भोवतीचं बुवांनी नाकारायचं नाही. कोणी किती ठेवलं ते विचारायचं नाही. लहानपणी ज्या ताटाने त्याला वाढवलं, ते ताट समोर देवापाशी तयार ठेवलेलं होतं, आणि तो मात्र महिन्याच्या महिन्याला बँकेतून पैसे पाठवायच्या गोष्टी करत बसला होता.

तो वाकून श्वेताच्या कानाशी गेला.

"ताट मी फिरवतो. पर्स आणलीयस ना?"

श्वेताने त्याच्याकडे पाहिलं. तिला अर्धा क्षण लागला, जास्त नाही. शिक्षिका होती शेवटी.

काशीराम गेल्यापासून ताट कोणीही फिरवायचं, जो हाताशी असेल तो. आरती सुरू झाली तसा हर्षद उठला आणि त्याने ते उचललं. पितळ जड होतं. बाबा ते एका हातावर तोलून धरायचे, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला करून. त्याने तसंच धरलं. रांगेतल्या म्हाताऱ्या बायका त्याच्याकडे बघून एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या, काशीरामाचो झील गो, अगदी बापासारखो चालता. कोणी नाणं ठेवलं, कोणी नोट. एकीने दिव्याखाली सरकवली, देवळाला. चेतनाने निरांजनाभोवती ठेवलं. अपूर्वाने आपल्या खाऊच्या पैशातलं ठेवलं आणि बापाकडे बघितलं, आणि या वेळी बापाची मूठ मिटली नाही, हात दिव्याला आडोसा देण्यात गुंतला होता आणि मनही. श्वेताने घडी करून ठेवलं, तेही भोवती. भीमराजकाकांपाशी तो थांबला. मूर्तीपुढचं ताट त्यांच्यापुढे न्यावं की नाही या विचारात होता, तोच काकांनी खिशात हात घातला.

"आण इकडे. हे देवाला नाही, गळ्याला. भोवतीच ठेवतोय, नीट बघ."

शेवटी हर्षदने ताट एका हातावर तोललं आणि स्वतःच्या खिशातलं काढून ठेवलं, गोष्टीतल्या म्हातारीचा वाढणारा हात डोळ्यांसमोर आणून. मग तो आत्यापुढे गेला आणि ताट तिच्या पायाशी टेकवलं.

तिने खाली पाहिलं. तिच्या नव्या डोळ्यांना आता घड्यांची जाडी कळत होती.

"ह्या कोणाचा?"

"ताटात पडलेलं विचारायचं नसतं, आत्या. बाबांचा नियम आहे."

"हर्षद."

"आणि नाकारायचंही नसतं. तुझ्या गळ्याचं आहे, मी दिलेलं नाही. दर एकादशीला तू उभी राहा इथे. मी येईन ताट फिरवायला, बोरिवलीहून."

झांजा आत्याच्या हातातच होत्या, एकमेकींना लागून किणकिणत होत्या. कीर्तन केलं होतं तिने. तिच्यापुढे ताट आलं होतं. संपाच्या वर्षीही असंच आलं होतं, आणि तेव्हाही तिचा हात खाली नव्हता. मग तिने झांजा पदराला बांधल्या, वाकली, भोवतालच्या घड्यांतली एक उचलली, आणि निरांजन किंचित वर करून ती त्याच्याखाली सरकवली.

"ओजसाची," ती म्हणाली.

"अगं, दिव्याखालचं देवळाचं ना. आणि ओजसचं ट्रस्टमध्ये राखलंय की सगळं."

"देऊळवाल्यांका मी सांगान. बुवाच्या वाटणीतला कोणाक देवचा, ता बुवा ठरयता. ट्रस्ट नाय." एवढं बोलून ती हसली, आणि दुपारपासून अडलेलं पाणी तिच्या गालांवरून मोकळं वाहिलं. ते तिने पुसलं नाही. त्याच हातांनी तिने हर्षदच्या कपाळाला बुक्का लावला, लहानपणी फीची नाणी देताना तिच्या बोटांवर असायचा तोच.

लोक प्रसादाला उठले. ओजस सतरंज्या गुंडाळू लागला. हर्षद ताट देवापाशी ठेवून परतला तेव्हा आत्या खांबाला टेकून पाणी पीत होती.

"तिकिटाचं काय करू?" त्याने विचारलं.

"आधी कॅलेंडर बघ," आत्या म्हणाली. "एकादशी कधी असा ती सांग. आणि येशीत तेव्हा गाडी बाहेर लाव. पार्किंगात माझा कीर्तन असा."

तर मंडळी, हे असं झालं. हप्ता आजही येतो. व्याजाचं ते आत्याला, मुद्दलाचं ते ठेवीत, तिघांच्या सह्या, आणि काका चष्मा लावून सही करतात. ज्याचं त्याला राखून मिळालं, आणि ज्याला द्यायचं त्याला ओंजळ भरून दिलं गेलं. एकाच दिव्याच्या उजेडात दोन्ही झालं, ही त्याची कृपा. तुम्ही घरी जाल, सांज होईल, देवापुढे निरांजन लावाल. ज्योत स्थिर झाली की एक क्षण थांबा, आणि ताट फिरवता फिरवता ज्याने तो दिवा मधोमध ठेवला, त्या काशीराम पालवाची तेवढी आठवण काढा.